शेवटच्या चिमट्यातलं पाकीट

मी कानाचे मोल्ड बनवते. ऐकू कमी येणाऱ्या माणसाचं मशीन कानामागे बसतं आणि त्यातला आवाज बारीक नळीतून कानात सोडणारा जो पारदर्शक तुकडा असतो, तो मोल्ड. ज्याच्या त्याच्या कानाच्या मापाचा. नवऱ्याचा बायकोला चालत नाही, इतकंच काय, एकाच माणसाचा डावा त्याच्या उजव्या कानात जात नाही. अंधेरी पूर्वेला एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आमचं क्लिनिक आहे. पुढच्या खोलीत मॅडम कान तपासतात, कानात मऊ पेस्ट भरून त्याचा ठसा घेतात, आणि त्या ठशावरून मागच्या खोलीत मी मोल्ड घडवते. सतरा वर्षं झाली. हात चांगला आहे, असं मॅडम सांगतात. मीही नाही म्हणत नाही.

टाळाटाळ करणारा माणूस म्हटला की आपल्यापुढे कोण येतं? खुर्चीत रेलून मोबाईल बघणारा, चहाला गेला की तासाने उगवणारा. माझं तसं अजिबात नव्हतं. मी टाळाटाळ करायचे तीही घाम गाळून. सकाळी साडेनऊला पंखा लावला की जेवायच्या सुट्टीपर्यंत पाठ सरळ करायची नाही. त्यामुळे माझ्यावर कधी कोणाला संशय आला नाही, मलाही नाही.

पद्धत अशी होती. माझ्या टेबलावर एक दोरी बांधलेली आहे आणि तिला कपडे वाळत घालायचे चिमटे. प्रत्येक ठसा एका छोट्या पाकिटात, पाकिटाला नावाचं कार्ड, आणि ते पाकीट चिमट्याला. नवं आलेलं पाकीट डाव्या टोकाला लागायचं, जुनं उजवीकडे सरकायचं, आणि उजव्या टोकाचं आधी करायचं असा नियम. नियम मीच केला होता, मोडायचेही मीच. सोपे कान कुठले ते ठसा हातात घेताच कळतं. सरळ नळी, बाहेर छान वाटीसारखा खळगा, असे कान मी मधूनच काढून घ्यायचे. संध्याकाळी भिंतीवरच्या फळ्यावर आकडा लिहायचे: आठ. नऊ. एखाद्या दिवशी अकरा. मॅडम जाताना फळ्याकडे बघून म्हणायच्या, "वा, आज तर कमालच!" आणि मी मान खाली घालून मोल्ड चकचकीत करायचं बफिंगचं चाक पुसायचे, लाजल्यासारखी.

अवघड कान दोरीवर लटकत राहायचे. तसं ते कधीतरी व्हायचेच. पेशंटचा फोन आला, मॅडमचा आवाज चढला की व्हायचे. घरीही माझं असंच. नवरा म्हणतो, "तुझं उद्या कधी उजाडतं ते मला एकदा सांग, मी रजा टाकतो." टाळाटाळ कशी थांबवावी यावर एक लेख मी मोबाईलमध्ये ठेवला होता. तो आजतागायत वाचलेला नाही.

काका जोगेश्वरीहून यायचे. ऐंशीच्या जवळ आलेले, अंगाने बारीक, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. तरुणपणी गिरणीत मागावर होते. मागांच्या त्या खडखडाटाने कान गेले. गिरणी बंद पडल्यावर एका सोसायटीत वॉचमन म्हणून राहिले. डावा कान पार संपलेला होता. उजव्यात मशीनने ऐकू यायचं, पण त्या उजव्याचं लहानपणी ऑपरेशन झालेलं. बाहेर अरुंद तोंड आणि आत मोठी पोकळी, असा तो कान. दुकानात तयार मिळणारी रबरी टोपी त्यात टिकत नव्हती. अनेक वर्षं वापरलेला मोल्ड तडकला म्हणून ते आमच्याकडे आले होते. मोल्डशिवाय मशीन खिशात ठेवायचं आणि माणसांच्या तोंडाकडे बघत बसायचं, अशी त्यांची गत.

मी पहिला मोल्ड केला तो टोचला. दोन दिवसांत कान लाल झाला. दुसरा थोडा ढिला केला. तो मॅडमनी बसवला आणि मशीन सुरू केलं, तर त्याने अशी शिट्टी मारली की बाहेर बसलेल्या एका बाईने कानावर हात ठेवले आणि तिचं लहान मूल रडायला लागलं. मोल्ड नीट बसला नाही की आवाज फटीतून परत येतो आणि मशीन शिट्टी मारतं. गंमत अशी की ती शिट्टी इतकी बारीक असते की काकांसारख्यांना स्वतःला ऐकू येत नाही. सगळी खोली कळवळलेली आणि मधे काका, माझ्याकडे बघून हसत. "बरा झाला गो," ते ओरडून म्हणाले. ते कोकणातले होते. मीही तिकडचीच आहे हे कळल्यापासून माझ्याशी बोलताना त्यांचं मराठी अधूनमधून मालवणीकडे वळायचं.

मला त्या क्षणी भुई दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. दुसरं कोणी रागावलं असतं तर चाललं असतं. त्यांनी माझं कौतुक केलं, तेही सगळ्यांदेखत, आणि मशीन बोंबलतंय. मॅडमनी मशीन बंद केलं, त्यांना पाटीवर लिहून समजावलं आणि नवा ठसा घेतला. ते पाकीट मी दोरीला लावलं.

काम कसं करायचं ते मला माहीत नव्हतं असं कोणी समजू नये. त्याच संध्याकाळी मी कार्डाच्या मागे सगळं लिहून काढलं. बाहेरचा भाग कडक, आतलं टोक मऊ, दोन वेळा ओतायचं, मधे जोड घासायचा. आकृती काढली. आकृतीत मऊ भाग लाल पेनाने रंगवला. माझं हे असं आहे, योजना नीट झाली की काम अर्धं झाल्यासारखं वाटतं, आणि अर्धं झालेल्या कामाची मग घाई राहत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाकिटाला हात लावला. ती शिट्टी आठवली. शेजारी एका शाळकरी मुलीचा सोपा, सरळ कान लटकत होता, तो घेतला.

काका मंगळवारी यायचे, कारण सुनेला मंगळवारी सुट्टी असायची. मुलगा सकाळीच कामावर जायचा. सून घरी असेल तेव्हाच काकांना बाहेर पडता यायचं, कारण काकी अंथरुणाला खिळलेल्या होत्या. हे त्यांनी पहिल्या मंगळवारी माझ्या टेबलासमोर उभं राहून सांगितलं. ऐकू न येणारी माणसं आपली सुखदुःखं सगळ्या जगाला ऐकू जातील एवढ्या आवाजात सांगतात.

"तिचो आवाज अगदी बारीक झालो हा," ते म्हणाले. "सून म्हणते, त्या बोलतात बाबा, तुमच्याशीच बोलतात. मी तोंडाला कान लावतो तिच्या. नुसता वारा लागतो."

मी पाटीवर लिहिलं, 'काकींना लिहून द्यायला सांगा.'

ते वाचून हसले. "तिला अक्षर येत नाही, बाय. अंगठा."

मी लिहिलं, 'पुढच्या मंगळवारी नक्की.' ते लिहिताना मी खोटं बोलत नव्हते. मला खरोखर वाटत होतं की बुधवारी सकाळी पहिलं काम हेच. बुधवारी सकाळी मात्र मला असं वाटलं की एवढं नाजूक काम घाईत करण्यात अर्थ नाही, एखाद्या मोकळ्या दिवशी शांतपणे बसून करावं. मोकळा दिवस आमच्याकडे कधी नसतो. त्या आठवड्यात माझा आकडा मात्र रोज नऊच्या वर होता.

दुसऱ्या मंगळवारी ते आले तेव्हा मी मॅडमना आणि त्यांना एकच सांगितलं: मऊ मटेरियल यायचंय. मॅडमना तोंडी, काकांना कागदावर. मटेरियल माझ्या टेबलाच्या दुसऱ्या खणात होतं. सीलबंद बाटली, महिन्यापूर्वी आलेली. काकांनी तो कागद घडी करून वरच्या खिशात ठेवला, म्हणाले, सुनेला दाखवतो, ती रोज विचारते. मी मान डोलावली. त्या दिवशी जेवताना माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता असं लिहिलं तर छान वाटेल, पण तसं काही झालं नाही. मी नीट जेवले. मैत्रिणीने आणलेली सुरमई खाल्ली आणि मसाला विचारून घेतला.

तिसऱ्या मंगळवारी त्यांनी सुनेने लिहिलेली चिठ्ठी आणली. वहीच्या पानावर, घाईतलं अक्षर. 'आई फार हळू बोलतात. बाबांना कळत नाही म्हणून त्या रडतात. आम्ही मधे राहून सांगायला गेलो तर गप्प होतात, त्यांना बाबांशीच बोलायचं असतं. जमलं तर लवकर द्या.' मी ती दोनदा वाचली. आणि मग मी काय केलं? ती चिठ्ठी कार्डाला स्टेपल केली, म्हणजे हे काम तातडीचं आहे हे लक्षात राहील! आता पाकीट जड झालं. आधीच्या अपयशाची भीती होतीच, तिच्यात उशिराची लाज मिसळली, आणि पाकिटाकडे बघणंसुद्धा नको वाटायला लागलं. दोरीच्या अगदी टोकाला, खिडकीच्या गजाआड एक चिमटा आहे. मान पूर्ण वळवल्याशिवाय तो दिसत नाही. मी ते पाकीट तिथे नेऊन लावलं.

काम टाळणाऱ्यांना हे ओळखू येईल. काम जितकं उशिरा, तितकं ते जास्त चांगलं व्हायला हवं असं वाटायला लागतं. एवढे दिवस लावले आणि परत शिट्टी मारली तर? म्हणजे उशीर भरून काढण्यासाठी तो मोल्ड आता माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर मोल्ड व्हायला हवा होता. आणि आयुष्यातलं सगळ्यात सुंदर काम कुठल्याशा गुरुवारी दुपारी सुरू करायचं धाडस कोणाला होतं?

चौथ्या मंगळवारी ते आले नाहीत. दुपारपर्यंत मी दाराकडे बघत होते. तीन वाजले तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. हे वाक्य लिहायला लाज वाटते, पण ते खरं आहे. मी चहा केला, रेडिओ लावला आणि त्या दिवशी फळ्यावर दहा लिहिलं. पाचव्या मंगळवारी मनात पाल चुकचुकली. फोन करावा असं वाटलं. पण फोन करून सांगणार काय होते? झालेला नाही हेच ना?

त्यानंतरच्या आठवड्यात एका गुरुवारी जेवणाची सुट्टी व्हायच्या जरा आधी ते आले. सुनेच्या सुट्टीचा दिवस नव्हता, तरी आले, यातच मला कळायला हवं होतं. मी त्यांना बघताच पाटी ओढली आणि काहीतरी लिहायला लागले. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून थांबवलं.

"आता घाई नाय, बाय. घरकारीण गेली माझी. तुझ्या सवडीनं कर."

ते ओरडूनच बोलले, नेहमीसारखे. मॅडम दारात आल्या. काका पुढे सांगत होते की काकींचं बारावं झालं, गावाहून भाऊ आले होते ते परत गेले, घरात बसवत नाही म्हणून सहज इकडे आलो. त्यांच्या बोलण्यात तक्रार शोधली तर कुठे सापडली नाही. मी शोधली. सापडली असती तर जरा बरं वाटलं असतं.

मी पाटीवर लिहिलं, 'बसा. आज घेऊनच जा.' ते बाहेर बाकावर जाऊन बसले.

मी गजाआडचं पाकीट काढलं. त्यावर धूळ बसली होती. खण उघडला, बाटलीचं सील फोडलं. ठसा घासला, मेणात बुडवला, त्यावरून साचा काढला, त्यात कडक भाग ओतला, दिव्याखाली वाळवला, टोक कापलं, मऊ भाग ओतला, पुन्हा वाळवला, जोड घासला, नळी बसवली. कार्डामागच्या आकृतीकडे एकदाही बघावं लागलं नाही. कुठे अडलं नाही, कुठे काही तुटलं नाही. मी घड्याळाकडे बघितलं तेव्हा तीनला दहा कमी होते. बाराच्या सुमाराला सुरू केलं होतं. मधे वाळण्यातच निम्मा वेळ गेला. एवढंच काम होतं ते.

मी भिंतीला टेकून जरा वेळ उभी राहिले. आतापर्यंत मी समजत होते की अवघड काम होतं म्हणून राहिलं. त्या दिवशी ती सबबही गेली.

या गोष्टीला आता दीड वर्ष झालं. मी बदलले का? थोडी बदलले. सकाळी आल्यावर पंखा लावायच्या आधी ज्या पाकिटाकडे बघवत नाही ते दोरीवरून काढून टेबलावर ठेवते. चांगलं होईल की वाईट याचा विचार करत नाही, पहिला घास घेतल्यासारखं नुसतं सुरू करते. बिघडला तर बिघडला, दुसरा करता येतो. गजाआडचा चिमटा मी काढून टाकला. फळ्यावर आता आकडा लिहीत नाही. कोणतं पाकीट किती दिवस लटकतंय ते लिहिते, म्हणजे मॅडमच्या आधी मलाच ते वाचावं लागतं. मॅडमनी सुरुवातीला विचारलं, "अगं, तुझे नऊ-दहा कुठे गेले?" मी म्हटलं, "होतील सहा, पण नीट सहा होतील." त्यांनी खांदे उडवले. आता कधी सहा होतात, कधी सात. नवऱ्याची थट्टा अजून चालू आहे, कारण घरच्या कामांपर्यंत ही सुधारणा पोचलेली नाही. तीही कधीतरी होईल, असं म्हणून मी पुन्हा तेच करते आहे हे मला कळतं.

एवढं सगळं लिहून झालं, पण त्या गुरुवारचं शेवटचं मी अजून सांगितलेलं नाही. लिहितानाही ते मी मागे ढकलत आले. सांगून टाकते.

तीन वाजता काकांना मागच्या खोलीत बोलावलं. बसवायला मॅडम येणार होत्या, मी म्हटलं मीच बसवते. मोल्ड कानात सरकवला, जरा फिरवला, आणि तो आत जाऊन बसला. मशीन सुरू केलं. शिट्टी नाही. आमची एक रीत आहे, तोंडासमोर हात धरून बोलायचं, म्हणजे माणूस ओठ वाचत नाही ना ते कळतं. मी तोंडासमोर कागद धरला आणि साध्या आवाजात विचारलं, "काका, ऐकू येतंय?"

"येतंय," ते म्हणाले. आणि दचकले, कारण स्वतःचा आवाज त्यांना मोठा वाटला.

मी कागद खाली घेतला नाही. त्याच्या आडूनच बोलले. "काका, मटेरियल आलेलं होतं. पहिल्यापासून होतं. मी केलं नाही. मला भीती वाटत होती परत बिघडेल म्हणून, आणि मग लाज वाटत होती. दोन-तीन तासांचं काम होतं. चुकलं माझं."

मी कागद खाली घेतला. ते माझ्याकडे बघत नव्हते, खिडकीकडे बघत होते. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. पुन्हा सांगण्याची ताकद माझ्यात नव्हती.

"ऐकलंय," ते म्हणाले. पहिल्यांदाच मी त्यांचा हळू आवाज ऐकत होते. चांगला आवाज होता, खोल. "शेवटी शेवटी ती बरंच काय काय बोलायची. मी आपला हो हो करायचो. दुसरं करणार काय? एका दुपारी माझा हात धरून एकच गोष्ट तीनदा बोलली. विचारल्यासारखी. घरात दुसरं कोण नव्हतं. मी हो म्हटलं. तशी हसली. मग झोपली ती, त्यानंतर काय बोलली नाही."

मी त्यांच्यासमोर स्टुलावर बसले.

"आता हो म्हटलंय म्हणजे ता करूक पायजे ना गो?" ते म्हणाले. "पण काय करूचा, ता माका म्हायत नाय."